बर्मिंगहॅम, नागोया आणि आपली बेंजो पार्टी

ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्युरान ड्युरान या इंग्लिश बँडचा ‘फ्यूचर पास्ट’ हा पंधरावा अल्बम आला. पहिला आला होता १९८१ मध्ये. चाळीस वर्षं वाजवत आलेल्या, साठीला टेकलेल्या या मंडळींनी अल्बममधल्या ‘मोअर जॉय!’ या गाण्यासाठी चार जपानी मुलींच्या ‘चाई’ या बँडला सोबत घेतलं. माना आणि काना या जुळ्या बहिणी, बासवर युकी, ड्रमवर युना. बँडचं नाव ऐकून मराठी वाचकाला टपरी आठवेल, पण त्यांचं गाणं टपरीवरच्या चहापेक्षा बरंच जास्त उकळलेलं असतं. गोंडस दिसण्याच्या जपानी सक्तीची टर उडवत त्या नाचतात, ओरडतात आणि मधेच अगदी सुरेल गातात.

संगीताच्या बातम्यांत हा सहयोग दोन पिढ्यांची भेट म्हणून गाजला. मला त्यातला भूगोल जास्त मोलाचा वाटतो. ड्युरान ड्युरान १९७८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला आणि चाई नागोयाची. बर्मिंगहॅम म्हणजे इंग्लंडच्या मोटारधंद्याचं जुनं माहेर, तर नागोया टोयोटाच्या शेजारचं. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ही दोन्ही गावं न पाहताही ओळखीची वाटावीत. पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली इंडिका २००३ पासून ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकली गेली. विकणारी एमजी रोव्हर बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिजची होती आणि २००५ मध्ये ती बुडाली. पुढे २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली. जपानशी नातं त्याहून जुनं आहे. आकुर्डीच्या बजाजने ऐंशीच्या दशकात कावासाकीचं तंत्रज्ञान घेतलं, चिंचवडच्या कायनेटिकने होंडाशी भागीदारी केली. आज चाकणला कावासाकीचा स्वतःचा कारखाना आहे आणि ब्रिजस्टोनचे टायरही तिथे बनतात.

मग साधा प्रश्न पडतो. मोटारींच्या गावांतून गाणं निघतं, हे जगाने पाहिलं आहे. डेट्रॉइटला बेरी गॉर्डी १९५५ च्या सुमारास मोटारींच्या असेंब्ली लाइनवर काम करत होता, चार वर्षांनी त्याने मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची उजव्या हाताची बोटं वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडली. नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. बोटांच्या कापल्या टोकांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवून, तारा सैल करून तो गिटार वाजवू लागला आणि ब्लॅक सॅबथ या बँडचा जडशीळ आवाज घडला. त्याच परिसरातल्या जुडास प्रीस्ट बँडचा रॉब हॅलफर्ड २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका पुरस्कार सोहळ्यात बेबीमेटल या जपानी मुलींच्या बँडबरोबर गायला. तो चौसष्ट वर्षांचा, त्या जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर. म्हणजे बर्मिंगहॅमकडच्या म्हाताऱ्यांनी जपानी तरुणींना हाक मारली ती एकदा नव्हे, दोनदा. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात जपानी माणूस रोज कारखान्यात येतो, कायझेन आणि फाइव्ह एस हे जपानी कारखानदारीचे शब्द आयटीआयच्या पोरालाही पाठ असतात. इथे अशी हाक कुणी कुणाला मारली का?

उत्तराकडे जाण्याआधी या सहयोगांचे प्रकार नीट पाहायला हवेत, कारण एकाच शब्दाखाली फार वेगवेगळा माल खपवला जातो.

सर्वात सोपा प्रकार पाहुण्याचा. जुना बँड गाणं तयार करतो, नव्याला एक कडवं किंवा एक घोष देतो आणि दोन्ही नावं शीर्षकात जातात. जुन्याला तरुण कान मिळतात, नव्याला मोठा श्रोतृवर्ग. ‘मोअर जॉय!’ हे याच जातीचं. गाणं झकास आहे, पण चाईचा वाटा त्यात जत्रेतल्या हाळीसारखा वाटतो. त्यांच्या स्वतःच्या अल्बममधली खोडी त्यात मावलेली नाही. त्याआधी २०२० मध्ये गोरिलाझ या ब्रिटिश बँडनेही त्यांना एका गाण्यात घेतलं होतं. याच गोरिलाझने पुढे भारतात येऊन ‘द माउंटन’ या अल्बमचं बरंच काम केलं आणि त्यात आशा भोसले यांना गायला लावलं. तिथे वयाचा हिशेब उलटा झाला. आशाताईंना असल्या पाहुणचाराची सवय जुनीच: २००५ मध्ये क्रोनॉस क्वार्टेटबरोबर आर. डी. बर्मनची गाणी त्या नव्याने गायल्या होत्या. चाई मात्र मार्च २०२४ मध्ये थांबली. बोलावणारे वाजवत राहिले, बोलावलेल्या घरी गेल्या.

पाहुणचारापेक्षा मुक्काम लांबला की काय होतं, याचं उदाहरण व्हेंचर्सचं. हा अमेरिकन गिटारवाल्यांचा बँड १९६२ मध्ये पहिल्यांदा जपानला गेला आणि १९६५ च्या दौऱ्यानंतर तिथे इलेक्ट्रिक गिटारची अशी साथ पसरली की काही ठिकाणी शाळांनी गिटारवर बंदी घातली. मायदेशी ओहोटी लागल्यावर व्हेंचर्सनी जपान सोडलं नाही. जपानी गायकांसाठी चाली बांधल्या. १९६६ मध्ये इझुमी मासाको आणि यामाउची केन यांनी गायलेलं गिन्झावरचं युगुलगीत आणि १९७० मध्ये नागिसा युको हिने गायलेलं क्योटोच्या प्रेमाचं गाणं, दोन्ही त्यांच्या चालींवरची. जपानी माणसाला ती आपलीच वाटतात. पाहुणा कोण आणि यजमान कोण हे विसरलं गेलं. सहयोग मोजायचाच तर मी या मापाने मोजेन.

आपल्याकडे हा व्यवहार बराच काळ रागसंगीतातून झाला. १९७८ मध्ये रविशंकर यांनी ‘ईस्ट ग्रीट्स ईस्ट’ हा अल्बम केला. त्यात शाकुहाची बासरीवर यामामोतो होझान, कोतोवर मियाशिता सुसुमु आणि तबल्यावर अल्लारखा. रविशंकर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, यामामोतो त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. अल्लारखांचे चिरंजीव झाकीर हुसेन २००१ मध्ये जपानच्या कोदो या ढोलपथकाच्या ‘मोंडो हेड’ अल्बममध्ये वाजले. त्याचा निर्माता ग्रेटफुल डेड या जुन्या अमेरिकन बँडचा ढोलवादक मिकी हार्ट. हे दोन्ही अल्बम आदराने ऐकावेत असे आहेत. तरी त्यांत एक अवघडलेपण आहे. प्रत्येकजण समोरच्याला वाट करून देतोय, ‘तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी’ असं चाललंय. जपानी शिष्टाचार आणि लखनवी शिष्टाचार एकत्र आले की गाडी सुटायचीच.

शिष्य झालेल्या जपान्यांचं तसं नाही. ताकाहिरो अराई हा संतूरवादक शिवकुमार शर्मांकडे शिकला. पंडितजींच्या मैफलीत तानपुऱ्यावर बसलेला तो शांत जपानी तरुण महाराष्ट्रातल्या कितीतरी रसिकांनी पाहिला असेल. उलट दिशेनेही माणसं गेली. निखिल बॅनर्जींचे शिष्य अमित रॉय हे नागोयात राहिले, शिकवत राहिले. पुन्हा नागोया, लक्षात असू द्या. पण गुरुकुलात सहयोग हा शब्द जरा थिटाच पडतो. शिष्य गुरूच्या घरात शिरतो, स्वतःचं घर बाहेर ठेवून. अराई संतूरवर जपानी काय वाजवतो असं विचारणं हे त्याच्या साधनेलाच न कळणं होईल.

आता यंत्रांकडे येऊ. १९८२ मध्ये ड्युरान ड्युरानचा ‘रिओ’ आला. त्यातली ती झुळझुळ वाहणारी स्वरमाळ बँडच्या निक ऱ्होड्सने रोलँड या जपानी कंपनीच्या सिंथेसायझरवर काढली. त्या काळात त्याच्या हाताखालच्या वाद्यांत ज्युपिटर-८ होतं. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मुरलेले वादक तेच ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र घेऊन बसले. या तीन जपानी यंत्रांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. टीबी-३०३ गिटारवाल्यांना खर्जाची साथ म्हणून विकायला काढलेलं, बाजारात सपशेल पडलेलं खोकं. पण त्यात एक सोय होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. ज्याच्या कानात मींड आहे त्याला ती सोय दिसली. शिकागोच्या पोरांना हेच खोकं सापडून ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचं नाचगाणं जन्मायला आणखी पाच वर्षं लागली. चरणजितांची तबकडी तेव्हा कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. म्हातारपणी ते युरोपात जाऊन वाजवून आले आणि २०१५ मध्ये मुंबईत वारले. मुरलेला वादक आणि नवं कोरं जपानी यंत्र यांची महाराष्ट्रात झालेली ही सर्वात सुंदर जोडी. तिच्यात जपानी माणूस एकही नव्हता.

आणि त्याही आधीची, त्याहून कितीतरी मोठी गोष्ट आपल्या गल्लीतून दर भाद्रपदात वाजत जाते.

१९१२ मध्ये, जपानच्या ताइशो कालखंडाच्या पहिल्या वर्षी, नागोयाच्या मोरिता गोरो याने एक वाद्य तयार केलं. लाकडी खोका, त्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. स्वर कुठे आहे हे शोधावं लागत नाही, तो कळेवर लिहिलेला असतो. नाव ठेवलं ताइशोगोतो. वाद्य स्वस्त आणि शिकायला सोपं, त्यामुळे घरोघर गेलं आणि मग जहाजांतून बाहेर पडलं. बालीत गेलं, झांझिबारच्या ताराब संगीतात गेलं, कराचीमार्गे बलुचिस्तानात जाऊन ‘बेंजू’ झालं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून आलं आणि महाराष्ट्राने त्याला बेंजो म्हटलं. अमेरिकेतल्या गोल चामड्याच्या बँजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही.

जपानमध्ये या वाद्याचं वय वाढत गेलं. आज ते मुख्यतः हौशी मंडळांत, निवृत्त स्त्रीपुरुषांच्या वर्गांत, एका सुरात बसून वाजवलं जातं. महाराष्ट्रात त्याचं काय झालं ते बघा. त्याला पिकअप बसवला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, आवाज कर्ण्यातून सोडला. मग हातगाडी आली, तिच्यावर जनरेटर आणि भोंगे, पुढे ताशा, ढोलकी, कच्छी ढोल, आणि मधोमध बेंजोवाला. कोळीगीत असो, आईचा गोंधळ असो की कालपरवाचं चित्रपटगीत, शब्दाविना ओळखू आलं पाहिजे आणि चौकातल्या शेवटच्या माणसाचा पाय हलला पाहिजे. तारेवर कळ असल्याने मींड घेता येत नाही, मग बेंजोवाले मुरकी बोटांच्या झपाट्याने काढतात, वरून गिटारचा प्रोसेसर लावून स्वराला शेपूट जोडतात. नागोयाच्या बैठकीतलं हे वाद्य आपण उभं केलं, रस्त्यावर आणलं आणि गुलालात माखवलं. मोरिताला ते ओळखू आलं असतं का, सांगवत नाही.

बेंजो पार्टीच्या हाताशी पुढे आणखी एक जपानी वस्तू लागली. रोलँडने १९८५ मध्ये आठ रबरी चौकोनांचं ‘ऑक्टापॅड’ काढलं. आपल्या तोंडी ते ऑक्टोपॅड झालं. आज ते नसलेला ऑर्केस्ट्रा शोधावा लागेल, आणि जागरण-गोंधळापासून सांप्रदायिक भजनाच्या नव्या धाटणीपर्यंत कुठेही ते उभं दिसेल. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, वाडीवस्तीवर त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. यामाहाने भारतीय ठेके आणि तबल्याचे आवाज भरलेले कीबोर्ड खास आपल्या बाजारासाठी काढले. यामाहाचं मूळ हामामात्सु गावात. याच गावातून सुझुकी निघाली आणि होंडाची सुरुवातही तिथलीच. वाद्यं आणि मोटरसायकली एकाच मातीतून येतात, यामाहाच्या गाडीवर तर तीन स्वरकाटे आजही आहेत.

तेव्हा चाकण पट्ट्यात जपानी संगीत नाही, असं म्हणणारा माणूस खाली बघत नाही एवढंच. पिंपरी-चिंचवडच्या नाट्यगृहांत आणि मंगल कार्यालयांत आता जिकडेतिकडे कराओकेचे कार्यक्रम लागतात. कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ ब्लेझर घालून रफी गातात, वहिनी लता गातात, घरचे टाळ्या वाजवतात. ही सोय १९७१ मध्ये कोबे शहरात इनोउए दाइसुके या बारमधल्या वादकाने केली आणि पेटंट घ्यायचं राहून गेलं. मला स्वतःला कराओकेतली ती गोठलेली साथ सोसत नाही. पण आयुष्यभर शिफ्टमध्ये काम केलेल्या माणसाला साठीनंतर वाद्यवृंद मिळतो तो असा, तेव्हा नाक मुरडायचा अधिकार आपल्याला किती हाही प्रश्न आहेच.

या पट्ट्यात गाणं कमी नव्हतंच. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, मधे एमआयडीसी. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून मृदंग शिकून निघालेल्या पोरांची बोटं कुठल्याही ताल-यंत्राला भारी पडतील. साठच्या दशकापासून मराठवाडा, खानदेश, कोकणातून कामगार आले ते आपापली भजनं घेऊन आले. कामगार कल्याण मंडळाच्या भजन आणि नाट्य स्पर्धांनी त्यांना मंच दिला. पालिकेचा स्वरसागर महोत्सव झाला, मोरे नाट्यगृह झालं. नाही झाला तो बँड. कारखान्याच्या आवाजाला उत्तर देणारा, त्या यंत्रांच्या लयीतून उठलेला, आयोमीसारखा. इथला कामगार गावाकडचा राहिला आणि त्याचं गाणंही गावाकडचंच राहिलं, हे त्याचं बळ आणि तीच त्याची मर्यादा. पुढची पिढी आयटीत गेली, तिने ढोलपथकं काढली आणि गाणं आणखी मागे, पेशवाईत नेलं.

कारखान्यांनी भागीदारीचे सगळे टप्पे पाहिले आहेत. बजाजने आधी कावासाकीचं तंत्र घेतलं, त्यावर शिकून २००१ मध्ये स्वतःची पल्सर काढली आणि २०१७ मध्ये दोघांनी भारतातल्या विक्रीतली सोबतही संपवली. संगीतात आपण पहिल्या टप्प्यावर, म्हणजे यंत्र आणून आपल्या पद्धतीने वाजवण्यावर, विलक्षण हुशारी दाखवली. समोरासमोर बसण्याचा टप्पा मात्र गाळला. जपानी साहेब गणपतीच्या आरतीला फेटा बांधतो, स्नेहसंमेलनात एखादं हिंदी गाणं पाठ करून म्हणतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. पुण्यात ओकायामाच्या बागेवरून घडवलेली पु. ल. देशपांड्यांच्या नावाची बाग आहे. जपान पाहून ‘पूर्वरंग’ लिहिणारा हा माणूस पेटी वाजवणारा होता, याची आठवण त्या मैत्रीत कुणी फारशी ठेवलेली दिसत नाही. जपानी भाषेचे वर्ग पुण्यात वर्षानुवर्षं भरतात. ती शिकलेली मुलं दुभाषी होतात, करारांचे अनुवाद करतात. कुणी नागोयाच्या बँडला पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही.

हे समोरासमोर बसणं दिल्लीच्या ब्लडीवूडने केलं. २०१६ मध्ये उभा राहिलेला, ढोल आणि भांगडा मेटलमध्ये घालणारा हा बँड २०२२ मध्ये जपानच्या फुजी रॉक महोत्सवात वाजवून आला आणि २०२५ मध्ये बेबीमेटलबरोबर त्याची दोन गाणी आली, एक ब्लडीवूडच्या अल्बमसाठी, एक बेबीमेटलच्या. इथे पाहुणचार दोन्ही घरी झाला, म्हणून मला तो ‘मोअर जॉय!’पेक्षा उजवा वाटतो. ढोल पंजाबी, ओरड जपानी, कुणीही अवघडलेलं नाही.

महाराष्ट्रात जवळचा प्रयत्न पडद्यावर झाला. रवी जाधव यांचा २०१६ चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट, रितेश देशमुख मुंबईतल्या झोपडपट्टीचा बेंजोवाला. त्याची धून ऐकून न्यूयॉर्कहून एक संगीतकार तरुणी त्याला शोधत येते. वाद्य जिथून आलं ती दिशा सोडून शोध भलत्याच बाजूने येतो, पण पडद्यावरच्या नायिकेला न्यूयॉर्कहूनच यावं लागतं, त्याला इलाज नाही. चित्रपट चालला नाही. बेंजोवाल्यांबद्दल मात्र तो मानाने बोलला.

नागोयाच्या ताइशोगोतो मंडळातले सत्तरीचे वादक आणि भोसरीची बेंजो पार्टी एका मंचावर आणली तर वयाचा हिशेब पुन्हा उलटेल. जुने जाणते तिकडचे, तरणे इकडचे. भाषा लागणार नाही, कळांवरचे स्वर दोघांचे तेच. पैसाही आहे. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या यादीत पारंपरिक कला बसतात. नियम जपानी मालकीच्या कंपन्यांनाही तोच. शाळेच्या भिंती रंगवून झाल्या की एखाद्या वर्षी हेही करून बघता येईल. डीजेच्या भिंतींनी बेंजो पार्ट्यांची कामं खाल्ली आहेत आणि आवाजाच्या मर्यादेची नोटीस दोघांनाही सारखीच येते, तेव्हा काम मिळालं तर त्यांना हवंच आहे.

फक्त तारीख जपून घ्यावी. महोत्सवांना डिसेंबर-जानेवारी आवडतो, सभागृहंही तेव्हा सजतात. पण बेंजोवाला तेव्हा लग्नाच्या तिथींत अडकलेला असतो, मिळेल ती सुपारी घेऊन मंचर-जुन्नरकडे निघालेला. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत तर तो सापडणारच नाही. अपवाद मधल्या पितृपंधरवड्याचा: तो मोकळा असतो, आणि त्या दिवसांत जपानी पाहुण्यांना विमानाचं तिकीटही बहुधा जरा स्वस्त पडेल.